शुद्ध हातांची प्रॅक्टिस

१८ नोव्हेंबर १९३६, बुधवार. लष्कर, ग्वाल्हेर.
डिप्लोमा आला! अमेरिकेहून, पोस्टाने, दीड वर्षाच्या अभ्यासानंतर. नाव 'मिस्टर शामला' असे छापले आहे, पण शिक्का खरा आहे. आजपासून मी कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके बसवून उपचार करणारी. ग्वाल्हेर संस्थानातली पहिली. (बहुधा. खात्री केल्याशिवाय 'पहिली' लिहू नये.)

अण्णांना दाखवला. अण्णा तीस वर्षे दरबारच्या दफ्तरखान्यात होते. मला बाराखडीपासून इंग्रजी व्याकरणापर्यंत त्यांनीच घरी शिकवले. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारले, परवानगी कुठे आहे? मग शब्द दिला. संक्रांतीपर्यंत दरबारची लेखी परवानगी आली तर रस्त्याकडची खोली माझी, दारावर पाटी. नाही आली तर मामांनी मुरारच्या शाळेत शिवणाच्या बाईची जागा बघून ठेवलीच आहे.

मला काजे करता येत नाहीत.

निश्चय: फक्त हात. या विद्येच्या नावाचा ग्रीक अर्थच 'हाताने केलेले'. तिकडे दोन पंथ आहेत. मिश्र पंथाचे लोक शेक, वीज, वाटेल ते वापरतात. मी शुद्ध.

२१ नोव्हेंबर, शनिवार
दौलतगंजच्या सुताराने टेबल दिले. पालथे झोपल्यावर तोंडासाठी गोल भोक आहे. पुस्तकातल्या मापाबरहुकूम.

सायंकाळी: आईने भोकात पाण्याचा माठ बसवला. म्हणते, अगदी बरोबर बसतो गं, हलत सुद्धा नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार
अर्जाला जोडायचा इतिहास लिहिते आहे. १८९५ साल, डॅव्हनपोर्ट गाव. एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका संस्थापकांनी बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले. पुढे संस्थापक स्वतःच परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल तुरुंगात गेले. नंतर कॅलिफोर्नियात शेकडो कायरोप्रॅक्टर तसेच तुरुंगात गेले. कॅन्ससने मात्र १९१३ सालीच त्यांना परवाने देण्याचा कायदा केला.

आपल्या दरबारने कॅन्ससचा मार्ग धरावा असे सुचवले आहे. नम्रपणे.

पिशवी भरून ठेवली: दोन लुगडी, दंतमंजन, डिप्लोमा. अर्ज मंजूर व्हायच्या आधी कोणाच्या मानेला चुकून हात लागला तर तुरुंगाची तयारी असावी.

३ डिसेंबर, गुरुवार
अर्ज दिला. चौदा पाने. तत्त्वज्ञान पान सहापासून. शरीरात एक जन्मजात बुद्धी असते, मणका सरकला की तिची वाट अडते, वाट मोकळी केली की ती सगळे बरे करते. अण्णांनी वाचून विचारले, ही बुद्धी तुझ्या आईच्या गुडघ्यापर्यंत कधी पोचणार?

अर्जात 'अर्जदाराविषयी विशेष' असा रकाना होता. तिथे 'काही नाही' लिहिले. हे खोटे आहे का? दिवसभर विचार केला. मी पायाळू आहे. जन्मताना पाय आधी आले. पायाळूने लाथ मारली की भरलेली उसण उतरते अशी लोकांची समजूत. पण ती समजूत आहे, विशेष नव्हे. तेव्हा खोटे नाही.

९ डिसेंबर, बुधवार
शेजारच्या सुधाताईंची मान धरली. परवानगी नसल्याने उपचार नाही, 'घरगुती सराव' म्हणून हात ठेवला. ताई म्हणाल्या, "अगं शामला, नुसते हात ठेवून काय होऊन राहिलंय? थोडं तेल तरी लाव." मी तत्त्व समजावले. त्यांनी ऐकून घेतले, मग म्हणाल्या की तेल घरून आणलेच आहे.

लावले. तेल औषध म्हणून नव्हे, त्वचेला म्हणून. पंथ शुद्धच.

१२ डिसेंबर, शनिवार
सुधाताईंना शेकही दिला. थंडी फार आहे. हवामानाचा पंथाशी संबंध नाही.

१९ डिसेंबर, शनिवार
फार वाईट दिवस.

मुरारहून तुकोजी आले. रिसाल्यातले जुने स्वार, वय सत्तर, टांग्यातून कमरेत वाकलेलेच उतरले. आईने त्यांना माझे पायाळूपण सांगितले होते! आई भाजीवालीला सुद्धा सांगते. मी माठ काढून टेबल मोकळे केले, कण्याचा नकाशा दाखवला, जन्मजात बुद्धीपर्यंत आले. तुकोजी कण्हत म्हणाले, "बेटी, वो हाथ-वाथ रहने दे. लात मार दे बस."

नाही म्हटले. पाऊण तास नाही म्हटले. ते उंबऱ्यावर आडवे पडून राहिले. शेवटी आईने बाहेरून ओरडून सांगितले की टांगेवाला थांबलाय.

वडीलधाऱ्या माणसाला पाय लावायचा, म्हणून आधी नमस्कार केला. मग उजव्या पायाने, हलकेच. मग पुन्हा नमस्कार. तुकोजी ताठ उभे राहिले आणि आईला म्हणाले, पोरीत दम आहे, पण फार बोलते.

माझे निदान: बोलत असताना मी सुरुवातीला दोन मिनिटे हात ठेवला होता, त्याचा परिणाम उशिरा झाला.

२० डिसेंबर, रविवार
पुस्तकात पायाला मनाई आहे का ते शोधले. तीनशे चाळीस पाने. कुठेही नाही.

२ जानेवारी १९३७, शनिवार
आज दारात सात जण. सगळ्यांना उसण. हाताने करून घ्यायला एकही तयार नाही. एका बाईंनी तर हात लावू नका, अपाय होईल, असे बजावले. चौदा नमस्कार झाले. माझीच कंबर दुखते.

निश्चय: परवानगी मिळाल्या दिवसापासून पाय पूर्ण बंद.

८ जानेवारी, शुक्रवार
इंदरगंजला आरोग्यखात्यात बोलावणे आले. अण्णा सोबत. जेलची पिशवीही.

अधिकारी डॉक्टर सदाशिवराव. विलायतेत शिकलेले, गळ्यात टाय. म्हणाले, थोडक्यात सांगा. मी डॅव्हनपोर्टपासून सुरुवात केली. कॅन्ससपर्यंत त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. तेवढ्यात पान नऊ माझ्या हातून पडले. ते सौजन्याने उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

हीच संधी! मी हात ठेवला. शास्त्रोक्त. डॉक्टरसाहेब असे ओरडले की चपराशी धावत आला. पुन्हा ठेवणार, तो टेबलाखालून आवाज आला, "नको, बाई, नको!"

तेव्हा अण्णा खोकले आणि हळूच म्हणाले, साहेब, मुलगी पायाळू आहे.

 मग विलायतेत शिकलेले डॉक्टर सदाशिवराव चपराशाला म्हणाले, दार लाव. बाहेरून.

नमस्कार. पाय. नमस्कार.

ते उठले, टाय सारखा केला आणि म्हणाले, अर्जाचा सहानुभूतीने विचार होईल.

अर्जाचा! म्हणजे चौदा पानांचा. परत येताना टांग्यात मी अण्णांना सांगितले की पान नऊच्या मुद्द्यावर ते नमले. अण्णा म्हणाले, हो, चांगलेच.

१३ जानेवारी, बुधवार
परवानगी आली!! एक दिवस आधी. मुरारची शिवणाची जागा गेली. लिफाफा जसाच्या तसा जपून ठेवणार.

जेवणानंतर: पत्र वाचले. "अर्जदार पायाळू असल्याचे खात्याच्या पाहण्यात आले. पायाळूने लाथ मारण्यास परवानगी लागल्याचे दप्तरी उदाहरण नाही. सबब हरकत नाही. अर्जास जोडलेली चौदा पाने परत."

अण्णांनी शब्द पाळला. खोली माझी. पण ते दफ्तरखान्यातले. म्हणाले, पत्रात हरकत नाही म्हटलंय तेवढंच पाटीवर लिहायचं. कायरोप्रॅक्टिक पत्रात नाही. मी पत्र चार वेळा वाचले. नाही.

१९ जानेवारी, मंगळवार
पाटी लागली. पेंटरने आपल्या मनाने मोठे पाऊल काढले आहे, खाली 'शामलाबाई, पायाळू. उसण.' डिप्लोमा टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला, माठ आता अजिबात हलत नाही.

आज अकरा जण. हातांना पूर्ण विश्रांती.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. पाटीवरचे पाऊल डावे आहे. मी उजव्याने मारते. उद्या सकाळी पहिल्यांदा पेंटरला बोलावले पाहिजे. रोग्यांची फसवणूक होता कामा नये.