चंद्रीचं जुळं

मंगळवार, संध्याकाळच्या धारा उरकून

आज चंद्री गाय व्याली. जुळं झालं, एक गोऱ्हा नि एक कालवड. मी खुश. पण अकोल्याहून आलेले गुरांचे डॉक्टर म्हणाले, "ही कालवड बहुतेक गाभण राहायची नाही. गाईच्या पोटात दोघांचं रक्त एक होतं, गोऱ्ह्याचे हार्मोन हिच्यात उतरतात."

सासूबाईंनी कालवडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी आणि माझा भाऊ संतोष जुळेच. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली, अजून पाळणा हलला नाही. ते पाहणं डोळ्यांपुढून जात नाही.

डॉक्टरांना गोठ्याबाहेर गाठलंच. "मानसात बी असं हुतं का?" ते हसले. "नाही हो वहिनी, माणसात तसं वांझपण येत नाही. स्वभावात थोडंफार उतरतं का, त्यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही." म्हणजे हो की नाही? माझा आवाज जाड, घरचा ट्रॅक्टर मी चालवते, भांडायला मीच पुढं. हे माझं की संतोषचं? आणि सासूबाईंनी असं पाहायची काय गरज होती?

न राहवून संतोषला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सुमे, माझ्यामुळं का गं?" आणि रडायलाच लागला.

लहानपणापासून असाच. जरा काही झालं की डोळ्यांत पाणी. समजूत मीच घातली. मला कधी रडू येत नाही, आजही आलं नाही. माझ्या वाट्याचं रडू आईच्या पोटातच त्याच्याकडं गेलं की काय? हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं.