पलंगावरची झडप

६ नोव्हेंबर

आले एकदाची. सरहद्दीवरच्या शिपायाने गाठोडं उसकटून पाहिलं. म्हटलं, बाबा, या गुडघ्यांनी मला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, तस्करी कुठली करतेय? हसला मेला. माझ्या लेकाचं, लुत्सीचं घर ऊबदार आहे, लाकडं छपरापर्यंत रचलीत. त्याची बायको फेरेना जाऊन चोवीस दिवस झाले. नात उर्शी पाच वर्षांची. मांडीवरून उतरेचना. दोन वाट्या सूप प्यायली. जमेल मला इथे.

७ नोव्हेंबर

फेरेनाच्या पलंगाच्या वर भिंतीत वीतभर झडप आहे, सताड उघडी. बर्फाचा वारा थेट पोरीच्या डोक्यावर. सून जिवंतपणीही अशीच गबाळी. फटीत लोकर कोंबली, झडप लावून दोन खिळे ठोकले. लुत्सीने संध्याकाळी पाहिलं. खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि जेवायला बसला.

१२ नोव्हेंबर

फेरेनाच्या तिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली. पाद्री नाकात बोलतो. घरी आले तर उर्शीची वेणी चार पदरी. मला तीनच्या वर येत नाहीत. कोणी घातली विचारलं, तर आईने म्हणे. पोरं बोलतात काहीही.

१६ नोव्हेंबर

पोर जेवत नाही. आई भरवते म्हणते. गाल बसलेत. हात शेगडीजवळ धरले तरी गार.

१८ नोव्हेंबर

शेजारचा म्हातारा फ्लोरीन दूध द्यायला आला. खिळे दिसताच टोपी काढून उभा राहिला. त्यांच्याकडे माणूस गेलं की ती झडप उघडतात. जीव तीस दिवस घरात घुटमळतो, प्रार्थना झाली की तिथून निघतो. मग झडप लावायची. म्हणाला, बाई, तुम्ही तिला कोंडलंत.

आमच्या दरीत असलं काही नाही. मला कोण सांगणार होतं?

लुत्सीला धरलं. म्हणाला, दिसलं होतं गं आई. मीच मनात म्हटलं, राहू दे तिला इथेच. चाळिशीचा बाप्या, पोरासारखा रडला. शिव्या घालायला तोंड उघडलं, नाक पूस एवढंच म्हटलं.

२० नोव्हेंबर

लुत्सी डॉक्टरला आणायला खाली गेलाय. घाट बर्फाने बंद, पायी गेलाय.

त्याला उपटवेनात, खिळे मीच उपटले. वारा आत येत नाही. बाहेर जातोय. पडदे, राख, सगळं तिकडे —

उर्शीचा उजवा हात वर. कोणी धरावा तसा. आईबरोबर जाते म्हणाली, हसत. झडप लावायला गेले, लागत नाही —

दुपार

डावा हात मी धरलाय. ओढ फार. हिच्या नखांना निळं —

फेरेना, बाई, तुला एकटीला भीती वाटतेय, कळतंय मला. पण ही अजून नीट बूट घालायला शिकली नाही गं. मी येते. माझं सगळं झालंय. हिला सोड —

सुटला हिचा उजवा हात. गरम होतोय. पोर रडतेय, भूक लागली म्हणते. रड, रड. टेबलावर पाव आहे बाळा, बाबा येईपर्यंत शेगडीला हात लावू — माझी बोटं गार —