हातच्याचे आकडे

अहो,

कर्फ्यूला चार ते सहा ढील आहे. तेवढ्यात बेगम बाजारला, माझ्या सातवीतल्या प्रणिताच्या घरी जाऊन येते. तुम्ही नको म्हणाल, म्हणून विचारायला थांबले नाही. कुकर लावलाय. सौरभला आधी उतारा लिहू दे, मग केबल.

शाळा बंद झाल्यापासून मुलींच्या वह्या दूधवाल्याबरोबर येतात-जातात. आज प्रणिताच्या गुणाकारात हातचे उर्दू आकड्यांत दिसले. तिला उर्दू येत नाही. निजामाच्या काळात उर्दूत शिकले ते तिचे आजोबा. दूधवाल्याला खोदून विचारलं. म्हणाला, पहिली ढील मिळाली तशी पोरीला गावी नेलं, परवा तिचं लग्न आहे, घरी म्हातारा एकटाच. तिचं नाव शाळेतून कटू नये म्हणून तेच गणितं सोडवत बसले असणार.

गावाचं नाव त्यांच्याकडून घेते आणि गौलीगुड्याहून तशीच बस धरते. सहापर्यंत आले नाही तर शोधायला निघू नका.

वही मागे चाळून पाहिली. तसेच हातचे आणखी तीन पानांवर आहेत, आणि तिन्ही पानांखाली माझ्या लाल शाईत लिहिलंय, शाब्बास प्रणिता.

अलका