नदीपलीकडची माणसं

प्रिय दादा,

हे कागदावर उतरवणंही धोक्याचं आहे. पाठवणं तर दूरच. तू परदेशात बांधतोयस तो पूल रखडला, तर कंपनीचं नुकसान आपलं सरकार भरून देणार, ही हमी आमच्याच खात्याची. काल बैठकीत साहेब म्हणाले, "नदीपलीकडे बंडखोर जमलेत. हमी काढून घ्यायची. जाहीर होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही."

वहिनी आणि पोरं परवा तुझ्याकडे निघणार होती!

मी वहिनीला खोटंच सांगितलं, की आईला दवाखान्यात ठेवावं लागेल, इतक्यात निघू नकोस. तिने तिकिटं रद्द केली. मग तुझा फोन आला. "आई तर आत्ता माझ्याशी हसून बोलली! माझी पोरं मला भेटतात, ते तुला खुपतं का गं?"

खरं ओठांवर आलं होतं. पण फोन कोण ऐकतंय, कुणास ठाऊक. मी फोन ठेवून दिला.

पोरं शेजारच्या खोलीत भांडताहेत, त्या आवाजाने जरा धीर येतो. आज मात्र मनाचा हिय्या करून तुला सगळं सांगायला फोन लावला, पाच वेळा लावला. तू रागावलायस, उचलत नाहीस. की उचलता येत नाहीये?

तुझी,
चिमी