बिनपंख्याच्या घरातले मासे

बाबा, आपल्या हॉलमध्ये पंखा चालू आहे. दचकू नका, आधी नीट ऐकून घ्या.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली. तिच्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची एक जोडी आहे, थोडे प्रवाळ आहेत, आणि एक गोगलगाय आहे असं आम्ही धरून चाललोय. टाकी घेताना मारतहळ्ळीचा दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, चिलर भी लेलो, पानी ठंडा रखने का मशीन. समर में लगेगा." त्यावर माझ्या तोंडून तुम्हीच बोललात, "बेंगलोर में? किसलिए?" तो हसला आणि "सरी मॅडम" म्हणून बिल करायला लागला.

हे घर बांधताना तुम्ही स्लॅबमध्ये पंख्याचे हूकच टाकू दिले नव्हते. मेस्त्री तीनदा विचारून गेला. या गावात पंखा लावणं म्हणजे इथल्या हवेचा अपमान, असं तुम्ही त्याला मराठीत सांगितलंत, आणि त्याला ते कळेना तेव्हा पुन्हा मोठ्यानं मराठीतच सांगितलंत. नागपूरची आत्या मे महिन्यात आली की संध्याकाळी तुम्ही तिला शाल द्यायचात, ती नको म्हणाली तरी. तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी नोकरीला लागले होते. इलेक्ट्रॉनिक सिटीहून दोन बस बदलून घामानं निथळत घरी यायचे, आणि तुम्ही पेपर वाचत कोरडे ठणठणीत बसलेले असायचात. "घाम उन्हानं येत नाही, घाईनं येतो," म्हणायचात. मला स्वतःची लाज वाटायची. तुमच्यासारखं शांत व्हावं म्हणून मी सहा महिने प्राणायामाचा क्लास लावला होता.

यंदाच्या एप्रिलमध्ये मात्र आपल्या हवेनं आपलं नाक कापलं. एका रविवारी दुपारी टाकीतला थर्मामीटर एकतीसवर गेला. सव्वीसला खूश असणारे मासे ते. मोठी मादी पाण्याच्या वर येऊन तोंड उघडमीट करायला लागली, आणि तिचा नवरा तिच्याभोवती घिरट्या घालायला लागला. मी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडल्या; पारा तासभर उतरला आणि पुन्हा चढला. आई खुर्चीत बसून सगळं बघत होती. "त्यांना थोडं पन्हं दे," ती म्हणाली. मी दुकानदाराला फोन लावला.

"चिलर को एक हफ्ता लगेगा, मॅडम. अभी सिंपल करो. ढक्कन निकालो, पानी के ऊपर टेबल फॅन छोडो. पानी उडेगा, ठंडा होगा. मटके जैसा."

"फॅन नहीं है."

"हॉल में नहीं है?"

"घर में नहीं है."

त्यानं अगदी हळू आवाजात, एखाद्याच्या घरी काही बरं-वाईट झाल्यासारखं विचारलं, "ओंदू इल्ला? एक भी नहीं?"

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवर सगळे पंखे संपलेले. शेजारी कुलूप. मादी आता एका कुशीवर कलायला लागली होती. सहा वर्षं सांभाळलेली मासोळी माझ्या मिजाशीमुळे मरणार, हे मला दिसत होतं. या वयात मी टाकीपुढे फतकल मारून रडले, बाबा.

आई उठली. "रडू नकोस. खाटेखालची पेटी ओढ." तुमची ती पेटी, 'महत्त्वाची कागदपत्रे' लिहिलेली. तुमच्यामागे तिला हात लावायचा माझा धीरच झाला नव्हता. आत, तुमच्या मफलरमध्ये गुंडाळलेला, टेबल फॅन.

"तुझ्या बाबांचा," आई म्हणाली. "रिटायर झाल्यावर आणला. तू ऑफिसला गेलीस की लावायचे. फाटकाची कडी वाजली की मी बटण बंद करायची आणि ते पेटीत ठेवायचे."

"आणि तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"मला शपथ घातली होती. शिवाय वारा मलाही लागायचा."

पंखा एकदा कण्हून सुरू झाला. संध्याकाळी पाणी अठ्ठावीसवर आलं, मादी सरळ झाली आणि नवऱ्यावर धावून गेली. तेव्हा कुठे मी जेवले. आता उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रोज तांब्याभर गोडं पाणी घालते, कारण मीठ टाकीतच राहतं.

आधी मला तुमचा राग आला, त्या क्लाससकट. मग मी आणि आई इतकं हसलो की आईला ठसका लागला. आणि मग वाईट वाटलं. मी घरी आले की तुमचा वारा बंद व्हायचा. रविवारी तर दिवसभर माझ्यादेखत उकडत बसायचात, नुसता शब्द राखायला. एकदा सांगितलं असतंत तर मी थोडं चिडवलं असतं आणि खुर्ची ओढून तुमच्या शेजारी बसले असते. फार आठवण येते तुमची.

हे पत्र पाठवायचं कुठे? त्या पेटीत ठेवते. महत्त्वाचा असा तिच्यात तेवढाच एक कागद होईल.

आणि एक कबूल करते. चिलर येऊन दहा दिवस झाले. टाकी सव्वीसवर आहे, माशांना पंख्याची काही गरज उरलेली नाही. तरी दुपारी मी तो लावते आणि त्याचं तोंड हळूच आमच्याकडे वळवते. आई डोळे मिटूनच विचारते, "मासे काय म्हणतायत?"

मी सांगते, "अजून उकडतंय म्हणतात."