ओकेनाइटवरचा अंगठा

७ मे, बेल्हे

सुट्टी म्हणजे काय, हे या घरात कुणाला कळतच नाही! कॉलेजातून येऊन बॅग टेकवली नाही, तोच गोरख मला शेतावर घेऊन गेला. विहीर खोल करायचं काम चाललंय. कालच्या सुरुंगानंतर कातळात एक पोकळी उघडली, आत "सशाची पांढरी पिल्लं" आहेत म्हणे! गडी कामाला हात लावेनात. "ताई, तू दगडाचंच शिकवती ना? मग सांग की काय हाये त्ये."

क्रेनच्या बकेटीत बसून उतरले. भीती वाटली, पण धाकट्या भावापुढे दाखवते कशाला! पोकळी कळशीएवढी. आत पांढरे, केसाळ, लोकरीसारखे गोळे. ओकेनाइट! इतका देखणा नमुना म्युझियममध्येसुद्धा पाहिला नव्हता. मी चक्क ओरडले.

आणि मधल्या मोठ्या गोळ्यावर अंगठा उमटलेला. मेल्यांना राहवलंच नाही. अस्सा संताप आला!

८ मे

सकाळी सुनीलला फैलावर घेतलं. हा सुरुंगवाल्यांचा मुकादम, आंबेगावकडच्या डोंगरातला. त्याला म्हटलं, हा दिसतो कापूस, पण आहे दगड. सुईहून बारीक तंतू. एकदा दाबले गेले की संपलं, पुन्हा कधी उठत नाहीत. कुणाचा अंगठा हा?

त्यानं मोबाईल पुढे केला. पोकळी उघडतानाचा व्हिडिओ. पहारीनं कातळाचा टवका निघतो, आत उजेड पडतो, आणि दाबलेला खळगा तिथे आधीच आहे! "आमी कुनी हात घातला न्हाई ताई. दगूड निघायच्या आदीच व्हता त्यो."

पोकळीला चीर कुठेच नाही. दोनदा तपासली.

९ मे

सापडलं उत्तर. तिथे आधी दुसरा स्फटिक टेकलेला असणार, मागाहून तो विरघळून गेला आणि त्याची जागा तेवढी राहिली. साधी गोष्ट. उगाच डोक्याला ताप करून घेतला.

संध्याकाळी भिंगातून पाहिलं. सगळे तंतू एकाच दिशेला लवलेत — खालून वर.

११ मे

दुसरी पोकळी लागली. पहिलीच्या बरोबर खाली. तिच्यातल्या गोळ्यावर चार बोटं, शेजारी शेजारी.

सुनीलनं सामान आवरलं. मी रस्त्यात आडवी उभी राहिले, स्फटिकाचं सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "आसंल ताई. पन मला तर वाटतं, खालनं कुनीतरी चाचपडत वर येतंय." आणि टेम्पोत बसून गेला. बाजाराला आलेल्या माणसांनी ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर केली.

आई म्हणते, काम थांबवा. गोरख माझ्याकडे बघतो. डाळिंबाची झाडं त्यानं पोरासारखी वाढवलीत, पाण्यावाचून ती जाणार. "ताई, तू शिकल्याली. तू म्हन, काय न्हाई म्हनून, मंग मी सोता उतरतो."

मला भीती वाटत होती. खरंच वाटत होती. पण ते तोंडानं सांगायची लाज जास्त वाटली. म्हणाले, "कॅल्शियम, सिलिका आणि पाणी. चौथं काही नाही त्यात. उतर तू."

१२ मे

स्वतःची समजूत घालायला आज सगळ्या चाचण्या केल्या. ॲल्युमिनियम नाही, म्हणजे झिओलाइटांच्या, इथल्या कातळातल्या नेहमीच्या स्फटिकांच्या, भाऊबंदांतला नाही, नुसता त्यांच्या शेजारी राहणारा. चाकूनं जेमतेम ओरखडा उठतो. आम्लात टाकला की खिरीसारखा घट्ट होतो. झाला. अगदी पुस्तकात लिहिलंय तसा!

वर्गवारीत मात्र नेहमी अडते. पुस्तकं त्याला पत्र्यांसारख्या थरांच्या खनिजांच्या कुळात बसवतात, आणि आत अणूंची मांडणी पाहावी तर पत्रेही आहेत आणि साखळ्याही. हा धड एका घरचा नाही.

१३ मे

गोरखला निरगुडसरचे दोन गडी मिळाले. उद्यापासून काम. रात्रीचं जेवण गेलं नाही.

१४ मे

पाणी लागलं!!

काय लिहू, कसं लिहू! दुपारी सुरुंग उडवला, धूर निवळल्यावर गोरख उतरला. मी वरून वाकून बघत होते. तळाशी तिसरी पोकळी, चांगली माणूस बसेल एवढी. तो कमरेपर्यंत आत शिरला आणि तिथूनच ओरडला, "ताई! पानी! लई पानी!" आईनं खाली वाकून मातीला हात लावला. गडी शिट्ट्या मारत होते. मी रडले.

मग मीही उतरले. पोकळीच्या कडेनं पाणी झिरपत होतं. आत ओकेनाइट होतं, भिंतभर, पण एकही गोळा उभा नाही. सगळे चपटे. गायीची बसायची जागा चेपलेली असते ना, गवतातली, तसे. आणि त्यात कुणीही नाही.

गोरखला दाखवलं. "माझ्याच अंगाखाली चेपलं असंल त्ये," म्हणाला. असेल. तो आत होताच की. तेच असेल.

सगळ्या गावाला पेढे वाटले. त्यांना सांगितलं, बघा, दगडच होता!

१५ मे

गोरख न्हाऊन आला. मोटार बसवायला लगेच उतरायचंय, म्हणून घाई. आई म्हणाली, "थांब रं, मागनं केसं चेपल्यात तुझी. उशी लागली आसंल."

डोक्याच्या मागे. अंगठा आणि चार बोटं, खालून वर.

आईनं पाणी लावलं, तेल लावलं, कंगवा फिरवून फिरवून हात दुखवून घेतला. केस उठत नाहीत.