तिरकं उभं राहायचं ट्रेनिंग

३ नोव्हेंबर, सोमवार

शेवटी माझीच निवड झाली. मूल बिथरलं, बाकं उलटवायला लागलं, अंगावर आलं, तर स्टाफनं काय करायचं याचा दोन दिवसांचा कोर्स आहे. तो मी करायचा आणि मग सगळ्यांना शिकवायचा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की पर्यवेक्षकच योग्य, तुमच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. कौतुक झालं की बरं वाटायला हवं. वाटलं असावं.

कारण एकच, पाचवीतली भिंगरी. नाव वेगळं आहे, पण क्लार्कनं ठेवलेलं हेच रुळलंय. एरवी गुणी पोर. बिनसलं की वर्गभर गरगर फिरते आणि हाताला येईल ते फेकते. मागच्या महिन्यात क्लार्कच्या मनगटाला कडकडून चावली. संस्थेचा निर्णय असा की आणखी एक प्रसंग झाला तर दाखला हातात.

तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करतात. आज कामाच्या कपड्यांतच आले होते. आधीच्या दोन शाळांनी काढलं, इथूनही काढलं तर कुठे जाऊ, म्हणाले. मी सांगितलं, निर्धास्त राहा, आता मी आहे.

घरी ही नाही, बहिणीकडे गेली आहे. थोडा बदल हवा होता म्हणाली. रविवारी येईलच.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोर्स संपला. पहिला अख्खा दिवस 'प्रसंग येण्याआधी' यातच गेला. मूल ओळखा, ते कशानं बिनसतं ते बघा, वगैरे. मला हे सगळं माहीतच होतं, त्यामुळे दुपारी जरा डोळा लागला.

दुसरा दिवस कामाचा. छाती काढून समोर उभं राहायचं नाही, मुलाला धमकी वाटते. तिरकं उभं राहायचं. हात उघडे, दिसतील असे. बाहेरची वाट मोकळी. आवाज खाली. एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप. अंगाला हात लावायचा तो अगदी जिवावर बेतलं तरच. मला एका झटक्यात जमलं.

ट्रेनर बाई म्हणाल्या, तुम्ही फारच शांत आहात. मग विचारलं, घरी सगळं ठीक ना? या दोन वाक्यांचा संबंध लागला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

स्टाफचं ट्रेनिंग घेतलं. दोन दिवसांचं दीड तासात बसवलं. पहिला दिवस गाळला.

प्रात्यक्षिकात पीटीच्या सरांना बिथरलेलं मूल केलं. ते भूमिकेत इतके शिरले की क्लार्क खराखुरा टेबलावर चढला आणि खाली यायला तयार होईना. बाकीचे तिरके उभे राहिले, पण प्रत्येकजण वेगळ्या दिशेला. एकंदर देखावा फोटोवाल्याची वाट बघणाऱ्या वऱ्हाडाचा. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण कोणीतरी गंभीर असायला हवं.

एक गोष्ट ध्यानात आली की आमच्या स्टाफचा आवाज खाली येतच नाही. पाचवीच्या बाई 'शांत हो बाळा' म्हणाल्या तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलं उभी राहिली. म्हणून नियम केला: प्रत्यक्ष प्रसंगात बोलायचं फक्त मी. दुसऱ्या कोणी चकार शब्द काढायचा नाही. तीनदा वदवून घेतलं.

संकल्प: आपण स्वतः रोज दहा मिनिटं आरशासमोर तिरकं उभं राहायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

ही आली नाही. संध्याकाळी फोन केला. मी इथे नाही याचं तुम्हाला काही वाटतं का, असं विचारलं. मी शिकल्याप्रमाणे आवाज खाली घेतला आणि म्हटलं, तुला राग आलाय हे मला दिसतंय. म्हणाली, फोनवर कसं दिसतंय? मी म्हटलं, तुझ्या भावना मला समजतात. तिनं फोन ठेवला. म्हणजे शांत झाली.

जेवलो. काय जेवलो आठवत नाही. आरसा राहिला. उद्या वीस मिनिटं.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाचवीच्या वर्गातली बाकं हलवून घेतली, बाहेरची वाट मोकळी हवी म्हणून. भिंगरीचं खिडकीजवळचं बाक दाराशी आणलं. वेळ आली तर बाहेर काढायला सोपं. शिपाई आणि मी मिळून अर्ध्या तासात सगळं केलं.

पाचवीच्या बाई धावत आल्या. तिची जागा बदलू नका, तिला ते सोसत नाही, निदान तिला आधी सांगून तरी बदला, म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की सुरक्षिततेत लाड चालत नाहीत. त्या गप्प बसल्या. माझ्या आवाजाचा परिणाम दिसायला लागलाय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रसंग झाला.

पहिल्याच तासाला. मी तेव्हा जिन्यात होतो. हिचा फोन आला होता. सध्या तरी परत येत नाही, म्हणाली. भिंतीशी बोलून बोलून दमले, म्हणाली. मी खालच्या आवाजात 'ऐकतोय' म्हटलं. बराच वेळ ऐकत होतो. ती बोलत नव्हती, तरी ऐकत होतो. वाईट वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

इकडे भिंगरी वर्गात आली. बाक जागेवर नाही. तिनं ते ओढत खिडकीपाशी न्यायला सुरुवात केली, दुसऱ्या मुलीनं अडवलं, आणि मग बाकं आडवी झाली. ट्रेनिंगप्रमाणे बाकीची मुलं लगेच बाहेर काढली. स्टाफ आत गेला. सगळे तिरके उभे राहिले, या वेळी एकाच दिशेला. हात उघडे. आणि कोणी बोललं नाही, कारण बोलायचं फक्त मी.

पीटीचे सर सांगत होते की पोर आधी ओरडत होती, मग एकदम थांबली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. असे का उभे राहिलात, असं तिनं विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. बोला ना, म्हणाली. तरी नाही. पाचवीच्या बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं म्हणे, पण नियम आठवला. मग ती जी घाबरली ती दाराच्या काचेवर जाऊन आदळली. काच फुटली. तिला खरचटलं, आणि तिला धरायला गेलेल्या बाईंच्या हाताला टाके पडले.

बोलणारा नव्हता एवढं सोडलं तर पद्धत बिनचूक पाळली गेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

संस्थेची बैठक. दाखला द्यायचं ठरलं. माझं मत विचारलं. मी दोन्ही बाजू मांडल्या. बाकाबद्दल कोणी विचारलं नाही, म्हणून तो मुद्दा आला नाही.

वडिलांना मीच कळवलं. त्यांनी एवढंच विचारलं, पोर विचारतेय की माझं खिडकीजवळचं बाक कोणाला दिलं, तिला काय सांगू? मी म्हटलं, बघून सांगतो.

आजकाल काही बोचत नाही. ही शांती कोर्सची की मूळचीच, कळत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

स्टाफ मीटिंगला संस्थेचे अध्यक्ष आले होते. ट्रेनिंगमुळे गेला आठवडाभर शाळेत एकही प्रसंग नाही, याचं श्रेय पर्यवेक्षकांना, टाळ्या होऊ द्या, म्हणाले. टाळ्या झाल्या. मी आभार मानायला उठलो.

पुढचं सलग आठवत नाही. खुर्ची खिडकीवर गेली. मीच फेकली. मग पाण्याचा जग. मग दुसरी खुर्ची, अध्यक्षांच्या अगदी कानाजवळून. मी ओरडत होतो असं सगळे सांगतात. बाक मी हलवलं, बाक मी हलवलं, एवढंच.

स्टाफ तिरका उभा राहिला. दार मोकळं ठेवलं. अंगाला कोणी हात लावला नाही. पाचवीच्या बाई एकट्याच बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. बसा, म्हणाल्या, आम्ही आहोत इथे, कुठे जात नाही. मी जमिनीवर बसलो आणि रडलो. बराच वेळ. हिच्यासाठी की पोरीसाठी ते सांगता येणार नाही, पण रडलो.

नंतर चहा आला. अध्यक्ष स्वतः पाठीवर हात ठेवून म्हणाले, माणूस आहे, ताण येतो. पंधरा दिवसांची पगारी रजा. काचेचं शाळा बघेल.

ट्रेनिंग यशस्वी झालं असं म्हणायला हरकत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजेच्या अर्जावर सही करायला शाळेत गेलो. ऑफिसात भिंगरीचे वडील दाखला न्यायला आले होते. चौथी शाळा अजून मिळालेली नाही. सध्या पोरीला कामावर बरोबर नेतात.

तिच्या मैत्रिणीनं तिला सगळं सांगितलंय म्हणे. सरांनी पण खुर्च्या फेकल्या. तेव्हापासून पोर विचारतेय, सरांनाही काढलं का? आणि आता त्यांना कुठली शाळा घेणार?

मी म्हटलं, काढलं नाही. रजा दिली.

बरं झालं, म्हणाले. टोमणा नव्हता. हाच तर त्रास. मला लाज वाटली. माझी गोष्ट वेगळी होती असं इथे लिहायला घेतलं होतं. वेगळी नव्हती.

मी त्यांना म्हटलं, तिला सांगा, सरांनाही काढलं.

ते म्हणाले, तिच्याशी आम्ही खोटं बोलत नाही सर, ती बिथरते. आणि दाखला घडी घालून वरच्या खिशात ठेवला, बटण लावलं आणि गेले.